वहीतली नावं

नवापूरचं रेल्वे स्थानक ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तिथल्या त्या बाकाची गंमत ठाऊक असेल. बाकाच्या मधोमध रेघ; अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गुजरात. परगावचे पाहुणे आले की आम्ही हौसेने त्यांना त्या बाकावर बसवतो, फोटो काढतो. आम्हाला स्वतःला त्या रेघेचं फारसं काही वाटत नाही. कापडखरेदी सुरतेची, मोठा दवाखाना सुरतेचा, सोयरीकही पुष्कळदा तिकडचीच. २०२४ च्या डिसेंबरात मी याच स्थानकावरून बडोद्याला निघालो तोही सोयरिकीच्याच कामाला. कृष्णशिष्टाईचं पुढे काय झालं हे तीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या माणसाला कोणी सांगायला नको; तरी निघालो.

काम असं होतं. माझा भाचा, थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा, बडोद्याच्या कलाभवनातून इंजिनिअर झाला (सयाजीरावांनी १८९० साली काढलेली ही संस्था आता तिथल्या विद्यापीठाचा भाग आहे) आणि तिकडेच नोकरीला लागला. बरोबर शिकलेल्या एका मुलीशी त्याला लग्न करायचं होतं. मुलगी बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजाची, घरात मराठी बोलणारी, घर अकोट्याला. ताईचं काही म्हणणं नव्हतं, मेहुण्यांचं तर नव्हतंच. मुलीचे आईवडील ‘बघू’ म्हणत होते. अडलं होतं आजीपाशी.

“तू जा,” ताई फोनवर म्हणाली. “तू हेडमास्तर आहेस, नीट बोलशील. शिवाय मामा आहेस.”

हे ‘शिवाय’ मला लागलं. १९९१ साली ताईने जातीबाहेर लग्न केलं. जो तिकडे जाईल त्याने या घरात परत यायचं नाही, असं वडिलांनी सांगितलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा, एम. ए. च्या पहिल्या वर्षाला. तिच्या लग्नाच्या दिवशी मी कॉलेजच्या वाचनालयात संध्याकाळपर्यंत बसून होतो. पुस्तक कोणतं उघडलं होतं ते आठवतं. पान मात्र एकही उलटलं नव्हतं. २००४ साली वडील गेले, येणंजाणं सुरू झालं, भाऊबीज सुरू झाली. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही, आणि मी तर नाहीच नाही. दर १४ एप्रिलला मात्र शाळेच्या मैदानावर मी आंतरजातीय विवाहाच्या बाजूने बोलत आलो आहे. लोक म्हणतात, सर चांगलं बोलतात. असो.

मास्तरकीच्या सवयीने मी थोडं वाचून निघालो होतो. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहिलेला बेने इस्रायलांचा इतिहास आहे. तो छापला गेला १९३७ साली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचा हा वंश, अशी या समाजाची कथा. ही माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. आडनावं गावांवरून पडली: केहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर. सणांनाही मराठी नावं. नव्याचा सण, खिरीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या उपासाला तर ‘बिरड्याचा रोजा’ म्हणतात, कारण तो सोडताना वालाचं बिरडं असतं. एका नावात ज्यूंचा शोक, मुसलमानांचा शब्द आणि कोकणातली भाजी! मी गाडीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं की इतकं आपल्यात मिसळलेल्या लोकांना आपला मुलगा का नको असावा? आजीला हे समजावून सांगितलं की झालं. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी परवानगी मागायला नव्हे, द्यायलाच निघालो होतो. आम्हाला चालतं, तर तुम्हाला चालायला काय हरकत आहे!

अकोटा हा बडोद्याचा विश्वामित्रीपलीकडचा भाग. दांडियाबाजारची जुनी मराठी वस्ती मागे टाकली की पूल लागतो. खालच्या पाण्यात मगरी असतात आणि बडोदेकर त्या पाहुण्यांना आमच्या बाकासारख्याच दाखवतात. गाव जुनं, अंकोट्टक. १९५१ साली इथे जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला, त्यातल्या काही पाचव्या-सहाव्या शतकातल्या. आज वर दिसतात त्या सोसायट्या, दुकानं, नाट्यगृह. मुलीच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर गुडघाभर उंचीवर मातकट रेघ होती, त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या पुराची. दाराच्या उजव्या चौकटीवर बोटाएवढी एक डबी तिरकी ठोकलेली. तिला मेझुझा म्हणतात. आत चर्मपत्रावर तोरातली वचनं असतात. मुलीच्या वडिलांनी आत शिरताना डबीला बोटं लावून ओठांना लावली.

आजी पलंगावर बसल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या घरात, माहेर रेवदंड्याचं, नवरा रेल्वेत म्हणून बडोद्याला आलेल्या. नजर अधू, आवाज मात्र खणखणीत.

“मास्तर, आधी चहा घ्या. भांडण मागाहून.”

चहा एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाने आणून दिला. तो आजींच्या धाकट्या मुलाचा मुलगा. सारं कुटुंब एकाच घरात राहतं. वरच्या मजल्यावर धाकटा, त्याची गुजराती बायको आणि हा मुलगा. बायको हिंदू आहे हे मला तिथेच कळलं, आणि माझी बाजू अर्धी जिंकल्यासारखं वाटलं.

मी बोलायला लागलो. दोन्हीकडची भाषा एक, खाणंपिणं जवळचं, मुलगा निर्व्यसनी. आजींनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमचा मुलगा चांगला आहे. वाईट असता तर सोपं झालं असतं,” त्या म्हणाल्या. “पण आमच्या शास्त्रात असलं लग्न पाप आहे की नाही हा प्रश्नच नाही. ते लागतच नाही. तुम्ही हजार लोकांत लावा, कागद करा, सरकार मानेल. आमच्या शास्त्राने ती दोघं न लागलेलीच.”

मी पोतडीतून रूथ काढली. बायबलच्या जुन्या करारातली ही मोआबी, म्हणजे परक्या लोकांतली बाई. नवरा मेल्यावरही सासूला न सोडणारी. तिच्या पणतवंडांत दावीद राजा जन्मला. ज्यूंच्या सर्वांत थोर राजाची पणजीच परकी, मग बोला!

आजी हसल्या. “मास्तर, तुम्ही रूथ वाचलीत. एज्रा नाही वाचलात?”

वाचला होता, सोयीसाठी घरी ठेवला होता. बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांनी परक्या बायका केल्या होत्या, तेव्हा एज्राने त्या बायका मुलांसकट पाठवून द्यायला लावल्या, अशी ती हकिकत आहे. एकाच ग्रंथात दोन्ही आहेत, आणि हजारो वर्षं त्यांचा वाद चालू आहे.

“आणि रूथ आमच्याकडे आली हो,” आजी पुढे म्हणाल्या. “सासूचा देव तो तिने आपला मानला. तुमचा भाचा येतोय का?”

भाचा येत नव्हता. त्याने कोणत्याच धर्मात जाऊ नये आणि तिनेही जाऊ नये, असं दोघांचं ठरलं होतं. १९५४ चा विशेष विवाह कायदा त्यासाठीच तर आहे.

मग मी शेवटचा मुद्दा काढला. ज्यू धर्मशास्त्रात मूल आईच्या धर्माचं. म्हणजे मुलगी तुमची, तर तिची मुलंही तुमचीच. तुमचं जातं काय? (पारशांत याच्या उलट. १९०८ च्या मुंबईतल्या निकालापासून बाप पारशी तर मूल पारशी. वलसाडच्या एका पारशी भगिनीने हिंदूशी लग्न केलं तर ती पारशी उरत नाही, असं गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटलं. आईबापांच्या अंत्यविधीला तिला जाऊ देण्याचं तिथल्या अंजुमनने कबूल केलं ते २०१७ साली, सर्वोच्च न्यायालयात. एकाला आई लागते, दुसऱ्याला बाप. बाहेर पडणाऱ्याची वाट मात्र दोन्हीकडे अरुंद.)

“कायद्याने माझी,” आजी म्हणाल्या. “पण शुक्रवारी संध्याकाळी त्या घरात दिवा कोण लावणार? तुमची बहीण? तुमच्यातली एक मुलगी बाहेर गेली तर तुम्हाला चार दिवस वाईट वाटतं. आमची एक गेली तर एक घर जातं. यांचे आजोबा वारले तेव्हा प्रार्थनेला दहा माणसं लागतात, आमच्यातली. बडोद्यात नऊच भरली. दहावा अहमदाबादेहून येईपर्यंत सगळे थांबले होते.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. १९५१ च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांवर ज्यू होते. आज पाच हजारांच्या आत आहेत, आणि गुजरातेत तर दोनशेही नसतील. अख्ख्या गुजरातेत एक सिनेगॉग, अहमदाबादचं मागेन अब्राहम, १९३४ सालचं. महाराष्ट्राने २०१६ साली आणि गुजरातने २०१८ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, पण त्याने दहावा माणूस मिळत नाही. मी ज्याला आडमुठेपणा समजून आलो होतो तो निव्वळ हिशेब होता. आमच्या वडिलांचा नकार आणि हा नकार मी एका तागडीत टाकले होते. वडिलांना भीती होती ती चार लोक काय म्हणतील याची. या बाईला भीती होती ती चार लोकच उरणार नाहीत याची.

पण म्हणून सगळं आजींच्या पारड्यात टाकावं असंही नाही. हा समाज स्वतः या तपासणीतून गेलेला आहे, दोन्ही बाजूंनी. पूर्वी कोकणात त्यांच्यातच गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे भेद होते. काळे म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी समाजाबाहेरच्या बायका केल्या, त्यांची संतती. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही, पंगतीतही वेगळेपण. जात आपण त्यांना किती मनापासून शिकवली पाहा! आणि मग तीच पाळी गोऱ्यांवर आली. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. तिथे लग्नं धर्मपीठाच्याच हातात. १९५३ चा तसा कायदाच आहे, नोंदणी विवाह त्या देशात होत नाही. तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी १९६२ साली फर्मान काढलं की बेने इस्रायलांपैकी कोणी इतर ज्यूंशी लग्न करू इच्छील तर त्याच्या आईची, आजीची, जाता येईल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी: कोणी बाहेरची मिसळली आहे का, कोणाचा घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाला होता का. ज्यांनी कोकणात शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवला त्यांना म्हणे आता सिद्ध करा! १९६४ च्या उन्हाळ्यात लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. त्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की हे पूर्ण ज्यू आहेत, आणि धर्मपीठाने फर्मानातून समाजाचं नाव काढून ‘ज्यांच्याविषयी शंका असेल असा कोणीही’ असे शब्द घातले.

आजींची थोरली बहीण त्या धरण्यात बसली होती. तिची मराठी पत्रं त्यांनी जपून ठेवली आहेत.

“तेव्हा तुम्हाला काय वाटलं?” मी विचारलं.

“मला? राग आला. आमच्या आजीची चौकशी करणारे हे कोण?” त्या क्षणभर थांबल्या. “तुम्ही काय विचारताय ते कळतंय मला, मास्तर.”

जगातही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेतल्या सुधारक ज्यूंनी १९८३ साली ठरवलं की आई किंवा बाप कोणीही एक ज्यू असला आणि मूल तसं वाढवलं तर ते ज्यू. सनातन्यांना ते आजही मान्य नाही. २०२० च्या पाहणीत तिथे आदल्या दहा वर्षांत लग्न केलेल्या ज्यूंपैकी शंभरातल्या साठांहून अधिकांचे जोडीदार ज्यू नव्हते. आपल्याकडे डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ साली मुंबईत सुधारक ज्यूंचं मंडळ काढलं होतं. आजींना हे सगळं ठाऊक होतं. त्या डॉक्टरीणबाईंविषयी फार आदराने बोलल्या आणि म्हणाल्या, “पण मी रेवदंड्याची.”

मग त्यांनी नातवाला वही आणायला सांगितलं. फडक्यात गुंडाळलेली, जाड पुठ्ठ्याची. पुरात पाणी शिरायला लागलं तेव्हा आधी प्रार्थनेची पुस्तकं वर गेली, मग ही वही, मग गॅसची शेगडी. तीत मोडी-बाळबोधीत आणि पुढे नुसत्या बाळबोधीत घरातले जन्म, लग्नं, मृत्यू. प्रत्येकाच्या नावाखाली आईचं नाव. आजींना दिसत नाही म्हणून मुलगा वाचू लागला. हिब्रू अक्षरंही त्यालाच वाचता येतात; शुक्रवारी आजींना प्रार्थना तोच वाचून दाखवतो. वाचता वाचता तो आपल्या बापाच्या नावापाशी आला, ते वाचलं, आणि पान उलटलं. खाली कोरी जागा होती.

“याचं नाव?” मी न राहवून विचारलं.

“याची आई आमच्यातली नाही,” आजी म्हणाल्या. आवाज खणखणीत नव्हता. मुलाने वही मिटली आणि फडकं नीट गुंडाळलं.

तेव्हा लक्षात आलं की ज्या नियमाच्या जोरावर मी आमचं घोडं दामटत होतो तोच नियम या चहा आणून देणाऱ्या पोराला बाहेर ठेवत होता. आमच्या भाच्याची मुलं त्या वहीत येऊ शकतील. हा नाही.

“तुमच्याकडे आहे अशी वही?” आजींनी विचारलं.

वंशावळ आहे. वडिलांनी हौसेने करून घेतलेली, नऊ पिढ्यांची. तीत मुलींची नावंच नाहीत, हे मी त्यांना सांगितलं.

“म्हणजे तुमची बहीण नाही त्यात?”

“नाही.”

“तिचंही लग्न बाहेरचं ना? पोरीने सांगितलं मला. तुम्ही होतात उभे, लग्नात?”

मुलीचे वडील खिडकीबाहेर बघू लागले. तेहतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. ज्यांना विचारायचा हक्क होता त्यांनीही नाही. सांगण्यासारखं बरंच होतं. वडील, वय, परीक्षा. मी म्हणालो, “नाही. वाचनालयात बसलो होतो.”

आजींनी मान हलवली. रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “मी हो म्हणणार नाही. मला येत नाही ते. लग्नाला येणारही नाही. पण करायचंच असेल तर शनिवारी नको.”

शनिवार टाळून मार्च २०२५ मध्ये बडोद्यालाच नोंदणी ठरली. या कायद्याखाली तीस दिवस आधी नोटीस लागते आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार. कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही ताटकळत उभे होतो तेव्हा तो मुलगा स्टीलचा डबा घेऊन आला. डब्यात मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडे, वर फळांच्या फोडी. एलियाहू हनाबी या पैगंबराच्या नावाने नवसाला, मंगल कामाला हे लोक करतात तो. आजी आल्या नव्हत्या.

“आजीने विचारलंय, जिजूंच्या मम्मींचं नाव काय? पूर्ण. वहीत लिहायचंय.”

मी खिशातल्या डायरीचं पान फाडून ताईचं नाव लिहून दिलं, आधी माहेरचं, मग सासरचं. ताई बाजूला उभी राहून बघत होती.

“आणि तुझं?” मी त्याला हळूच विचारलं.

“माझं नाही अजून,” तो म्हणाला, आणि द्रोण वाटायला निघून गेला.

आतून नावं पुकारली. टेबलावर रजिस्टर उघडं होतं, साक्षीदारांच्या तीन ओळी रिकाम्या. मेहुण्यांनी सहसा खिशाला पेन नसतं म्हणून माझ्याकडे पाहिलं. माझं पेन डायरीच्या पानाबरोबर त्या मुलाकडे गेलं होतं. ताईने पर्समधून तिचं काढलं, टोपण काढून माझ्या हातात दिलं आणि कुठे सही करायची त्या ओळीवर बोट ठेवलं.